नाचणारी शेळी, सात बिया आणि निळी बाटली

कॉफीच्या शोधाची सर्वांत लाडकी गोष्ट एका शेळीची आहे. इथिओपियाच्या डोंगरात काल्डी नावाचा एक पोर शेळ्या राखत असे. एके दिवशी त्याच्या शेळ्या एका झुडपाची लालचुटूक फळे खाऊन बेभान उड्या मारू लागल्या. काल्डीने ती फळे स्वतः चाखली आणि तोही त्यांच्यासोबत नाचू लागला. मग त्याने ती फळे जवळच्या मठात नेली. तेथील साधूला ही सैतानाची करणी वाटली आणि त्याने फळे आगीत भिरकावली. पण आगीतून असा काही दरवळ सुटला की भाजलेल्या बिया बाहेर काढून पाण्यात टाकल्या गेल्या आणि जगातील पहिली कॉफी तयार झाली. एवढीशीच ही गोष्ट. पण आज अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील कॉफीव्यवसायापासून अदिस अबाबातील उपाहारगृहांपर्यंत आणि जपानमधील दुकानांच्या साखळीपर्यंत काल्डीचे नाव पाट्यांवर झळकते आहे. अमेरिकेत तर 'डान्सिंग गोट्स', म्हणजे 'नाचणाऱ्या शेळ्या', या नावाचे कॉफीचे मिश्रणच प्रसिद्ध आहे.

इतिहासाच्या कसोटीवर मात्र ही कथा फारशी टिकत नाही. तिची पहिली लिखित नोंद सापडते ती १६७१ साली, रोममध्ये. अँटोनियो फाउस्टस नैरोन या मॅरोनाइट पंथीय विद्वानाने कॉफीवर लॅटिन भाषेत एक छोटेखानी पुस्तक लिहिले, त्यात ती आली. तोवर कॉफी पिण्याची चाल अरबस्तानात रुजून निदान दोनशे वर्षे लोटली होती. शिवाय नैरोनच्या कथेत 'काल्डी' हे नाव नाही. प्राणी उंट किंवा शेळ्या, असे तो मोघम सांगतो आणि स्थळ इथिओपिया नसून येमेन आहे. त्याच्या कथेतील जनावरे नाचत नाहीत; ती रात्रभर झोपत नाहीत, अशी राखणदाराची तक्रार आहे. मठाधिपती मग त्या वनस्पतीचा शोध घेतो आणि तिचा काढा रात्रीच्या प्रार्थनेत पेंगणाऱ्या साधूंना पाजतो. नाव, नाच, आग आणि दरवळ ही सारी नंतरची भर. अमेरिकेतील विल्यम यूकर्स यांनी १९२२ साली कॉफीवरील आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात काल्डी आणि त्याच्या नाचऱ्या शेळ्यांचे एक चित्रही छापले. कथा कानांनी ऐकण्याऐवजी डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट झाली ती अशा चित्रांमुळे.

कथा पुढे येमेनमधून इथिओपियात सरकली, हे मात्र एका अर्थाने बरेच झाले. अरेबिका कॉफीची रानटी झुडपे इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील जंगलांत आजही आहेत. 'अरेबिका' हे नाव अरबस्तानाचे असले तरी वनस्पतीचे माहेर आफ्रिकेतच आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार कॉफीच्या दोन भिन्न जातींचा नैसर्गिक संकर सुमारे सहा लाख वर्षांपूर्वी होऊन ही जात उत्पन्न झाली. दंतकथेने पत्ता बदलला आणि तो वनस्पतिशास्त्राच्या पत्त्याशी जुळला. इथिओपियात कॉफीला 'बुना' म्हणतात, अरबीत बियांना 'बुन्न' म्हणतात आणि जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' म्हणत. या शब्दांनीही तोच प्रवास केलेला दिसतो.

प्रश्न असा की, खरेखोटेपणाची एवढी शंका असताना बोधचिन्हे आणि वेष्टने तयार करणाऱ्या आरेखनकारांना या कथांची एवढी ओढ का? पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. कॉफी विकणाऱ्याकडे दाखवण्याजोगी चिन्हे मोजकीच असतात. मध्ये वळणदार रेघ असलेला दाणा, कप आणि कपावर वाफेच्या तीन नागमोडी रेषा. जगातल्या निम्म्या कॉफीगृहांच्या पाट्या या तीन वस्तूंच्या जुळवाजुळवीतून झाल्या असाव्यात, असे रस्त्याने चालताना वाटते. दुसरे कारण कायद्याचे आहे. मालाचे केवळ वर्णन करणाऱ्या चिन्हावर कोणालाही सहसा मक्तेदारी मिळत नाही. भारतातील १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा असो वा इतर देशांतील कायदे, तत्त्व हेच. कॉफीच्या पाकिटावर कॉफीचा दाणा काढण्याचा हक्क सर्वांनाच आहे, म्हणून तो एकट्या कोणाचा नाही. शेळीचे तसे नाही. शेळीचा आणि कॉफीचा वरकरणी काहीच संबंध नाही. संबंध आहे तो गोष्टीतून. पाहणारा क्षणभर थबकतो, 'इथे शेळी कशाला?' असे विचारतो आणि विक्रेत्याला गोष्ट सांगण्याची संधी मिळते. कायद्याच्या दृष्टीने चिन्ह वेगळे ठरते आणि ग्राहकाच्या दृष्टीने लक्षात राहते.

शिवाय काल्डीची कथा मुळातच चित्रमय आहे. उडी मारणाऱ्या शेळीची बाह्यरेषा एका रंगात, अंगठ्याएवढ्या आकारातही ओळखू येते. तिच्यात गती आहे; कॉफी प्याल्यावर काय होते, हे एकही शब्द न लिहिता ती सांगते. तपकिरी रंगाच्या गर्दीत पिकलेल्या फळाचा लाल रंग वापरण्याची मुभाही ती देते. कॉफीचे फळ लाल असते आणि त्याच्या पोटात बहुधा दोन बिया एकमेकींना सपाट बाजूने चिकटून बसलेल्या असतात, हे शहरातल्या अनेक कॉफीबाजांच्या गावीही नसते.

याच्या उलट गत झाली ती शेख उमरच्या कथेची. मोखा बंदराजवळच्या डोंगरात हद्दपार झालेला हा सूफी साधक भुकेने व्याकूळ होऊन झुडपाची फळे चावून पाहतो. ती कडू लागतात म्हणून भाजतो, भाजल्यावर कठीण होतात म्हणून उकळतो आणि त्या काढ्यावर तग धरतो. पुढे त्याच काढ्याने मोखाच्या लोकांचे आजार बरे होतात आणि त्याला सन्मानाने परत बोलावले जाते. कथा म्हणून ही काल्डीपेक्षा सरस आहे. तिच्यात अन्याय आहे, तपश्चर्या आहे, आणि भाजणे-उकळणे ही कृती अपघाताने नव्हे तर विचारपूर्वक घडते. इतिहासाशीही ती अधिक जवळची आहे, कारण पंधराव्या शतकात येमेनमधील सूफींनी रात्रीच्या जपासाठी जागे राहण्यास कॉफी वापरल्याचे उल्लेख अब्द अल-कादिर अल-जझीरी याच्या सोळाव्या शतकातील अरबी ग्रंथात सापडतात. एडनचा धर्मपंडित जमालुद्दीन धभानी हा त्या परंपरेतील ठळक माणूस. पण सत्पुरुषाचा चेहरा पाकिटावर छापणे हे इस्लामी परंपरेत अनेकांना रुचणारे नाही. त्यामुळे उमर ग्रंथांत राहिला आणि शेळी बाजारात गेली.

युरोपने त्याची जागा भरून काढली ती एका ठोकळेबाज 'पौर्वात्या'ने. १६५२ साली पास्क्वा रोझे याने लंडनमधील पहिले कॉफीगृह उघडले, तेव्हा पाटीवर त्याचेच डोके रंगवले होते. घरांना क्रमांक नसलेल्या आणि साक्षरता बेताची असलेल्या त्या शहरात चित्र हाच पत्ता होता. लवकरच 'तुर्काचे डोके', 'सुलतानाचे डोके' अशा पाट्यांची रेलचेल झाली. सुट्या नाण्यांच्या टंचाईमुळे कॉफीगृहांनी स्वतःची टोकन पाडली, त्यांतील काहींवर सुलतान मुरादची छबी होती. ही परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालली. व्हिएन्नाच्या ज्युलिअस माइनल या कॉफीकंपनीसाठी भित्तिचित्रकार जोसेफ बिंडर यांनी १९२४ साली लाल फेझ टोपी घातलेल्या कृष्णवर्णीय मुलाचे डोके रेखाटले. आरेखन म्हणून ते अप्रतिमच आहे; मोजक्या सपाट आकारांत सारे सांगणारे. पण त्यात आफ्रिकी माणूस मालक म्हणून नव्हे, पेला आणून देणारा म्हणून दिसतो, ही टीका वाढत गेली. २००४ साली मातेओ थून यांनी चिन्हाची नवी मांडणी केली, तेव्हा चेहऱ्याचा काळा रंग गेला आणि सारे एकाच लाल रंगात आले. टोपी राहिली, नाकडोळे राहिले. रंग काढल्याने इतिहास निघून जातो का, हा वाद अजून मिटलेला नाही.

व्हिएन्नाचीच दुसरी कथा मात्र आरेखनाच्या दृष्टीने अतिशय बोलकी आहे. १६८३ साली तुर्की फौजांनी शहराला वेढा घातला होता. कोल्शित्स्की नावाचा दुभाषा तुर्की वेशात वेढा ओलांडून मदतीची खबर घेऊन आला. तुर्कांचा पराभव झाल्यावर त्यांच्या छावणीत सापडलेल्या हिरव्या दाण्यांच्या गोण्या उंटांचे खाद्य म्हणून फेकून दिल्या जाणार होत्या. दाण्यांचा उपयोग ठाऊक असलेल्या कोल्शित्स्कीने त्याच बक्षीस म्हणून मागून घेतल्या आणि 'निळी बाटली' नावाचे पहिले कॉफीगृह उघडले. ही कथा रूढ झाली ती शंभर वर्षांनी, म्हणजे १७८३ साली, वेढ्याच्या शताब्दीनिमित्त गॉटफ्रीड उलिख या धर्मगुरूने लिहिलेल्या इतिहासामुळे. १८८५ साली एका कॉफीगृहचालकाच्या पुढाकाराने व्हिएन्नात कोल्शित्स्कीचा पुतळा इमारतीच्या कोपऱ्यावर बसवला गेला. तुर्की पोशाखातील हा वीर एका हातातील किटलीतून दुसऱ्या हातातील तबकावरच्या पेल्यात कॉफी ओततो आहे. प्रत्यक्षात कॉफी विकण्याचा परवाना १६८५ साली मिळाला तो योहान्नेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला. त्याच्या नावाचे एक छोटे उद्यान व्हिएन्नात आहे, पण त्याच्या वाट्याला ना गोण्या, ना वेढा, ना बाटली.

डिओडाटोच्या परवान्यातून बोधचिन्ह निघत नाही, निळ्या बाटलीतून निघते. २००२ साली अमेरिकेतील ओकलंड येथे जेम्स फ्रीमन यांनी कॉफी भाजण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला आणि त्याला कोल्शित्स्कीच्या कथेवरून 'ब्लू बॉटल' हे नाव दिले. चिन्ह म्हणजे पांढऱ्यावर एक निळी बाटली. ना दाणा, ना कप, ना वाफ. कॉफीचा मागमूसही नसलेले हे चिन्ह पाहून प्रथम आलेला ग्राहक गोंधळतो, आणि नेमके तेच अपेक्षित आहे. सजावटीतील पांढऱ्या भिंती, साधे लाकूड आणि मोजके शब्द हे सारे त्या एका आकृतीला शोभेल असेच बेतलेले. २०१७ साली नेस्ले या बलाढ्य कंपनीने या व्यवसायातील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला, तेव्हा त्या व्यवहारात यंत्रे आणि दुकाने यांच्याइतकीच ती बाटलीही मोलाची होती. दरम्यान युक्रेनने कोल्शित्स्की आपला असल्याचे ठासून सांगत २०१३ साली ल्विव्ह शहरात त्याचा पुतळा उभारला. त्या शहरातही 'निळ्या बाटली'खाली कॉफी मिळते.

दंतकथा हाताशी नसेल तर ती घडवताही येते. कोलंबियातील कॉफीउत्पादकांच्या महासंघाने १९५९ साली न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबाक या जाहिरात संस्थेकडून 'हुआन वाल्डेझ' हा शेतकरी जन्माला घातला. डोक्यावर टोपी, खांद्यावर घोंगडी, सोबत कोंचिता नावाची खेचरी आणि मागे डोंगर. त्याची भूमिका अभिनेत्यांनी वठवली. हुआन कधीच नव्हता. पण त्याच्यामागचे लहान शेतकरी खरे होते, आणि चिन्हाची मालकी त्यांच्याच महासंघाकडे राहिली. पाटीवरच्या 'तुर्का'ला हे भाग्य कधी लाभले नाही. चिन्हावरचा माणूस कोण, यापेक्षा चिन्ह कोणाचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो तो इथे.

भारताची कथा बाबा बुदन यांची. सतराव्या शतकात, बहुधा १६७० च्या सुमारास, मक्केची यात्रा करून परतताना या सूफी संताने येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि आजच्या कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरल्या, असे परंपरा सांगते. उगवण्याजोगी बी बाहेर जाऊ नये म्हणून अरब व्यापारी डोळ्यांत तेल घालून जपत असत. बाबांनी बिया कुणाच्या मते दाढीत, तर कुणाच्या मते कमरेला बांधून आणल्या. कॉफी पिणे हिंदुस्थानात त्याआधीच ठाऊक होते. सर टॉमस रो याच्यासोबत आलेल्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने मोगल काळातील या पेयाचा उल्लेख केला आहे. पण झाड रुजवण्याचे श्रेय परंपरा बाबांना देते, आणि ते अगदीच निराधार नसावे. डच लोकांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मलबारमधून रोपे जावाला नेली, जावातून झाड ॲमस्टरडॅमला आणि तिथून पॅरिसला गेले, आणि पुढे अमेरिका खंडातील मळे त्याच्या वंशजांनी भरले. टिपिका आणि बूरबाँ या जगप्रसिद्ध वाणांचे पूर्वज येमेनमधून भारतात आलेल्या त्या बियाण्यात असावेत, असे 'वर्ल्ड कॉफी रिसर्च' या संस्थेचे म्हणणे जनुकीय चाचण्यांच्या आधारावर आहे. तसे असेल तर या कथेइतके वजन काल्डीच्या शेळीलाही नाही.

तरीही बाबा बुदन चित्रात उतरवणे सोपे नाही. ज्या डोंगराला त्यांचे नाव मिळाले, तेथील गुहा दत्तात्रेयांचे पीठ आणि दर्गा अशा दोन्ही नात्यांनी पूजली जाते. हिंदू आणि मुसलमान भाविक पिढ्यान्‌पिढ्या तेथे येत राहिले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये; जनार्दनस्वामींनी एकनाथांना मलंगाच्या वेशातील दत्ताचे दर्शन घडवल्याची कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. पण गेल्या काही दशकांत या स्थानाच्या व्यवस्थापनावरून आणि पूजेच्या हक्कावरून तीव्र वाद झाले आणि ते न्यायालयांत गेले. अशा स्थितीत पाकिटावर दाढीधारी फकीर काढावा, तर ते नुसते चित्र राहत नाही, वादातील एक बाजू होऊन बसते.

यावर आरेखनाला सापडणारा तोडगा म्हणजे आकडा. सात बिया. तवाफच्या सात प्रदक्षिणा असोत की सप्तपदी आणि सप्तर्षी, सातची पवित्रता दोन्ही परंपरांना मान्य आहे. सात ठिपके वर्तुळात मांडले की फूल होते, ओळीत मांडले की माळ होते, वरखाली मांडले की डोंगर होतो. संताचा चेहरा न दाखवता संताची कृती दाखवता येते. कोणाला दुखवायचे नाही म्हणून केलेली ही काटकसर चिन्हाला अधिक नेटके करते, यात शंका नाही. मात्र तिची किंमतही आहे. नुसत्या सात ठिपक्यांत बाबांचे सूफी असणे हळूहळू पुसले जाते आणि उरते ती एका चतुर प्रवाशाची चोरटी आयात. 'बाबाबुदनगिरी अरेबिका'ला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा निदान नाव तरी कायद्याने त्या डोंगराशी पक्के बांधले गेले.

नाव बांधले न गेल्यास काय होते, हे मोखाच्या उदाहरणावरून दिसते. येमेनचे हे बंदर एकेकाळी जगाच्या कॉफीव्यापाराचे नाके होते. आज 'मोका' म्हटले की कुणाला चॉकलेट घातलेली कॉफी आठवते, तर कुणाला आल्फोन्सो बिआलेत्ती यांची १९३३ ची अष्टकोनी ॲल्युमिनियमची 'मोका एक्स्प्रेस' किटली. कपडे उकळण्याच्या भांड्यावरून ती सुचली, अशी तिचीही एक दंतकथा आहेच. इटलीतील घराघरांत पोहोचलेली आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात विराजमान झालेली ही किटली त्या बंदराचे नाव मिरवते. पण बंदराला त्याचा छदामही मिळालेला नाही. येमेनने आपला हक्क निराळ्या जागी नोंदवला आहे. त्या देशाच्या राजमुद्रेतील गरुडाच्या छातीवरच्या ढालीत मारिबच्या धरणासोबत कॉफीचे झाड आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या १ दिरहमच्या नाण्यावर बाकदार चोचीची 'दल्ला' ही कॉफीची सुरई आहे.

इथिओपियाने न्यायाची वाट धरली. २००५ साली त्या देशाच्या सरकारने सिदामो, हरार आणि यिर्गाचेफे या आपल्या प्रदेशांची नावे अमेरिकेत व्यापारचिन्हे म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केले. अमेरिकेतील कॉफी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने हरकत घेतली. ही नावे मालाच्या जागेचे आणि प्रकाराचे केवळ वर्णन करतात, त्यांवर एकाची मक्तेदारी कशी, असा मुद्दा होता; दाण्याच्या चित्राला लागू पडणारा तोच नियम. यिर्गाचेफेला मान्यता मिळाली, उरलेली दोन नावे प्रथम फेटाळली गेली. स्टारबक्सशी या प्रश्नावरून उडालेला खटका जगभर गाजला आणि ऑक्सफॅम या संस्थेने इथिओपियाच्या बाजूने मोहीम उघडली. अखेर जून २००७ मध्ये दोन्ही पक्षांत करार झाला. या नावांवरील इथिओपियाची मालकी स्टारबक्सने मानली आणि ती परवान्याने वापरण्याचे ठरले. त्यानंतर 'इथिओपियन फाइन कॉफी' या एका छत्राखाली तिन्ही नावांसाठी स्वतंत्र बोधचिन्हे तयार करण्यात आली. इथिओपियाने कागदोपत्री हक्क मागितला तो गावांच्या आणि प्रांतांच्या नावांवर, म्हणजे जिथे आज शेतकरी कॉफी पिकवतो त्या जमिनीच्या नावांवर. काल्डी आणि त्याच्या शेळ्या मात्र अजून कोणाच्याही गोठ्यात बांधलेल्या नाहीत. सेंट लुईस, तोकियो आणि अदिस अबाबा अशा तिन्ही ठिकाणी काल्डीचे नाव आपापल्या मालकासाठी राबते आहे.